पळण्याआधीच्या मेश्राम बाई

एप्रिल महिन्यात नागपुरात कुणी तुम्हाला ‘आधी अंग गरम करा’ असं सांगितलं, तर तुम्ही त्या माणसाकडे ज्या नजरेनं बघाल, त्याच नजरेनं मी मेश्राम बाईंकडे पहिल्यांदा बघितलं. लग्न होऊन पुण्याहून नागपुरात आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि सदर भागातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून तर थोडेच दिवस. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा होती. तरी मैदानाच्या कडेनं वर्गापर्यंत जाईतो माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. मैदानावर एक उंच, सावळ्या बाई साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून मुलींना सांगत होत्या, “हळू वं पोट्ट्यांनो, हळू. अंग थंडच आहे अजून.”

थंड? मी जागीच थांबले. त्या मुलींचे चेहरे लालबुंद झाले होते. मला वाटलं, नवख्या माणसाची थट्टा करायची ही इथली काही खास रीत असेल. पण थट्टा नव्हती. मुली पोटभर जेवून शतपावली करावी तशा निवांत मैदानाला फेरी घालत होत्या, आणि बाई त्यांच्याबरोबर चालता चालता एकेकीच्या मानेला मागून हाताची उलटी बाजू लावून बघत होत्या. ताप बघावा तशी. मला तर वाटलं शाळेत साथ आली.

मेश्राम बाई आमच्या खेळाच्या शिक्षिका. मुलींनी त्यांचं नाव ‘हळूबाई’ ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं. कुठलीही गोष्ट एकदम सुरू झालेली त्यांना खपत नसे. शाळा सुटल्यावर सायकलवर टांग मारून निघून गेल्या, असं कधी झालं नाही. आधी सायकलचा आधार घेऊन एकेका पायाचा घोटा फिरवायच्या, मग थोडं सायकल हातात धरून चालायच्या, आणि फाटकाच्या बाहेर गेल्यावर बसायच्या. पेपर तपासायला घेण्याआधी बोटांची उघडझाप. आमच्या शिपाईण कौसल्याबाई पाण्याची घागर उचलायला वाकल्या की बाई खुर्चीवरून ओरडायच्या, “थांब वं कौसल्या, पहिले रिकाम्या हातानं वाकून पाहा एकदा!” कौसल्याबाई कपाळावर हात मारायच्या आणि रिकाम्या हातानं वाकायच्या. इतकंच काय, त्यांचं भांडणसुद्धा एकदम सुरू होत नसे. खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली वेळेवर मिळत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. ती घेऊन त्या मुख्याध्यापिकांकडे जायच्या तेव्हा आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी, मग मुलाच्या परीक्षेची, मग यंदाच्या संत्र्यांची. आणि आवाज नीट मोकळा झाला की अशा भिडायच्या की व्हरांड्यात उभ्या असलेल्या आम्हाला आत जायची छाती होत नसे.

शाळेत याची टिंगल पुष्कळ व्हायची. टिंगल करणाऱ्यांत पहिला नंबर गणिताच्या देशकर सरांचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गरम प्रदेशातल्या माणसाला ही भानगड लागतच नाही. “थंड देशातल्या लोकांनी शोधून काढलेलं आहे ते. आपण इथे जन्मापासून गरमच आहो.” नागपुरात हे बोलणं इतक्या लोकांना पटायचं की विचारू नका. पालक भेटायला आले की हेच म्हणायचे. तासातला निम्मा वेळ हात-पाय हलवण्यात जातो, मग पोरींनी खेळायचं कधी? ऊन काय कमी आहे का?

एका वर्षी क्रीडादिनाला शिक्षकांची शर्यत ठेवली होती. मेश्राम बाईंनी सरांना आधी चार पावलं चालायची विनंती केली. सर खुर्चीतून उठले, चपला काढल्या आणि शिट्टी वाजल्याबरोबर जे सुटले ते पहिले आले. काहीही झालं नाही त्यांना. ना पोटरी धरली, ना कंबर. वर त्यांनी लगेच समोसे खाल्ले. मला मात्र उत्सुकता होती की आता बाई काय म्हणतात. बाईंनी स्वतः जाऊन सरांना बक्षिसाचा डबा दिला आणि खरंच आनंदानं हसल्या.

“अहो, त्यांना काहीच झालं नाही,” मी नंतर त्यांना डिवचलं.

“चांगलंच झालं ना. रोज रोज कोणी पडत नाही, केळकरबाई. रोज पडले असते तं मले सांगाच नसतं लागलं.”

या उत्तरानं माझी पंचाईत झाली. मी विज्ञान शिकवणारी. ज्या गोष्टीचा उपयोग डोळ्यांना दिसत नाही ती एखादी हुशार बाई इतक्या हट्टानं का करते, हे मला कळल्याशिवाय चैन पडेना. त्यांच्याबद्दल शाळेत दंतकथा होत्याच. कुणी म्हणे, त्या स्वतः मोठ्या खेळाडू होत्या आणि एका शर्यतीत पाय मोडला. कुणी म्हणे, त्यांची एक विद्यार्थिनी मैदानावर पडून कायमची अधू झाली. मी एकदा मधल्या सुट्टीत त्यांना सरळच विचारलं. म्हटलं, बाहेर एवढं तापलेलं असताना शरीर थंड कसं असेल?

त्यांनी डबा उघडला. आत ज्वारीची भाकर होती. “हे पाहा. पिठाचं भांडं उन्हात ठेवलं, पीठ गरम झालं. लगेच भाकर थापता येते का? फाटते. काहून? मळलं नाही म्हणून. ऊन वरून तापवते. मळणं तं आतूनच लागते.”

“पण मळल्यानं होतं काय नेमकं?”

“पायाले सांगा लागते ना, का बाबा आता पळाचं आहे. मंग पोटाकडचं रगत पायाकडं जाते. सांधे मोकळे होतात, तेल दिल्यावानी. छाती भरून श्वास येते. काळीज दचकत नाही. न सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोट्टी मैदानावर येते.”

“मैदानावर तर ती आलेलीच असते की.”

“कुठची! निम्मी घरीच असते. माय काय बोलली, भावानं काय म्हटलं, मन तिथंच घुमून राहते. हळू हळू चालता चालता येते मंग इथं.”

मानेला हात लावण्याचंही त्यांनी सांगितलं. उन्हाचा घाम कपाळावर येतो आणि कामाचा घाम मानेवर, बारीक, दवासारखा. मानेवर दव आलं की मुलगी पळायला तयार. याला शास्त्रात काही आधार मला आजतागायत सापडलेला नाही. पण त्यानंतर डिसेंबरात, हुडहुडी भरवणाऱ्या एका सकाळी, मी स्वतः त्यांच्या मुलींच्या मागून मैदानाला फेऱ्या घातल्या. आधी चालणं, मग दुडकी, मग खांदे, कंबर, घोटे. सुरुवातीला माझे गुडघे जुन्या दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरत होते. हळूहळू हातांची बोटं सैल झाली, नाकातून आत जाणारी हवा टोचेनाशी झाली. नंतर बाईंनी मला झाडापर्यंत पळायला सांगितलं, तेव्हा शाळेत असताना पळायचे तशी मी पळाले. परत आल्यावर त्यांनी माझ्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, “आलं पाहा!” मला कशाचा इतका आनंद झाला कोण जाणे, पण झाला.

या सगळ्याचा उगम कुठला, ते मला त्यांच्या घरी कळलं. नंदनवन वस्तीत त्यांचं छोटं घर होतं. त्या आणि त्यांची आई. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं कारण मी कधी विचारलं नाही. भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली आईंचा त्यांच्या भावाबरोबर धम्मदीक्षेच्या वर्षी काढलेला फोटो. मी आईंना विचारलं, की तुमच्या लेकीला हे वेड लागलं कुठून? म्हातारी खुदकन हसली.

“माह्या भावापासून. पटाच्या बैलायपासून शिकली ते.”

शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. पिकं निघाली की विदर्भात गावोगाव पट भरतो. आईंचा भाऊ, म्हणजे बाईंचा मामा, भंडाऱ्याकडे एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बैलांची देखभाल करायचा. पटाच्या दिवशी तो पहाटेच उठून बैलजोडी हळूहळू फिरवायचा, पाय चोळायचा, पुन्हा फिरवायचा. लहानगी शेवंता, म्हणजे मेश्राम बाई, त्याच्यामागे. जोडी जिंकली की फेटा मालगुजाराला, हरली की शिव्या मामाला. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून मामा सांगायचा, आता सोडा. तो सांगेपर्यंत मालगुजारसुद्धा गप्प उभा राहायचा.

“कॉलेजात शिकवलं तेव्हा मले नवीन काहीच वाटलं नाही,” बाई म्हणाल्या. “पुस्तकात तेच लिहिलं होतं. बैलाचं नाव तेवढं नव्हतं.”

मला तेव्हा वाटलं, चला, कोडं सुटलं. पण माणसाचं कोडं इतक्या लवकर सुटत नसतं, हे मला कुंदामुळे कळलं.

कुंदा राऊत आमच्या शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी. दहावीत होती. घर शहराबाहेर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील एका गोदामात मुकादम, गावाकडची शेती भावांकडे. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा कडक. त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं. काटोलकडचं एक स्थळ येऊन बसलंय. पोरगी निवड चाचणीत निवडली गेली, तर पुण्याला क्रीडा वसतिगृहात जाईल, शिकेल. नाही निवडली, तर याच उन्हाळ्यात लग्न. कुंदाला ते लग्न मुळीच नको होतं. तिनं मला वर्गात सांगितलं होतं, “बाई, मले अजून पळाचं आहे,” आणि हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

चाचणी मे महिन्यात एका मोठ्या मैदानावर होती. शाळेचा नियम असा, की मुलीबरोबर दोन शिक्षिका हव्यात. म्हणून मीही गेले. निवड फक्त दोघींची होणार होती. आम्ही दोघी पोचलो, पण कुंदाचा पत्ता नाही. वाडीच्या नाक्यावर ट्रक आडवा झाला होता आणि अमरावती रोड तुंबला होता. मुलींची पहिली तुकडी पळूनसुद्धा झाली. दुसऱ्या तुकडीची नावं पुकारायला लागले, तेव्हा कुंदा आणि डोक्याला दुपट्टा बांधलेले तिचे वडील धापा टाकत आत आले.

“राऊत भाऊ, पाणी पाजा तिले. मी टाइम मागून येते,” म्हणत बाई मुख्य पंचांकडे गेल्या. “साहेब, थोडं थांबा. पोट्टी आत्ताच आली. अंग थंड आहे तिचं.”

पंच गोलमटोल, हसरे गृहस्थ होते. ते मोठ्यानं हसले. “अंग थंड? अहो बाई, डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघेल या उन्हात. चला, रेघेवर उभी करा तिला. नाही तर नाव कापतो.”

राऊत म्हणाले, “बाई, होऊ द्या ना. पळन ते तशीच.”

बाईंनी एकदा कुंदाकडे बघितलं. आणि मग मी असं काही पाहिलं, की माझा विश्वास बसेना. गुडघ्याची चौकशी नाही, संत्र्यांची नाही, बाई थेट भिडल्या.

“साहेब, ही रेघ बराबर नाही.”

“कोणती?”

“हे शेवटची, चुन्याची. टेप आणा. मोजल्याशिवाय माही पोट्टी पळणार नाही, न कोणीच पळणार नाही.”

पंचांचं हसू मावळलं. रेघ सकाळीच आखली आहे, सगळं बरोबर आहे, वगैरे सांगून झालं. बाई ऐकेनात. आवाज चढवून त्यांनी असा काही गोंधळ मांडला की मंडपातली माणसं उठून आली. आणि पाठीमागे धरलेल्या हातानं त्या कुंदाला सारखी खूण करत होत्या, जा, जा. कुंदा समजली. मंडपामागे ती दुडक्या चालीनं पळायला लागली, मग खांदे, मग कंबर. इकडे टेप शोधायला माणसं धावली. मला हसू आवरेना. वेळ काढायला एखादी बाई आख्खं मैदान मोजायला लावते, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

पण टेप लावली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. अंतर खरंच कमी भरलं. चुना टाकणाऱ्यानं लहान गटाच्या शर्यतीची रेघ मोठ्या मुलींसाठी धरली होती. (“तुम्हाला कसं कळलं होतं?” मी नंतर विचारलं. “मले काय मालूम! मी तं टाइम काढून राहिली होती,” बाई म्हणाल्या.) पहिल्या तुकडीचा निकाल रद्द झाला. वेळ पुष्कळ गेलेला. पंचांनी कपाळ पुसून जाहीर केलं, की आता सगळ्या मुलींची मिळून एकच शर्यत.

आता याहून बरं काय हवं? कुंदाचं अंग मोकळं झालेलं, आणि पहिल्या तुकडीतल्या मुली केव्हाच्या मंडपात बसून निवलेल्या. त्यांच्यात उमरेडकडची एक काडीसारखी मुलगी होती, अनवाणी, तिच्याबरोबर आलेलं कुणी दिसत नव्हतं. ती मघाशी पहिली आली होती. नाव पुकारल्यावर ती उसाच्या रसाचा ग्लास ठेवून उठली. पायाला मुंग्या आल्या असाव्यात. मांडी चोळत, लंगडतच ती रेघेकडे निघाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. बाई बघताहेत हे मी बघितलं, आणि पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळलं. मी मनातल्या मनात म्हणाले, बाई, आज नको. हात जोडते, आज नको.

“ए, इकडं ये वं,” बाई म्हणाल्या. “तू पण ये. साऱ्या या. असं थंड्या पायानं नाही पळाचं.”

पंचांचा जीव टेपनं आधीच अर्धा झाला होता. त्यांनी हातानंच ‘करा’ अशी खूण केली. बाईंनी सगळ्या मुलींना गोल फिरवलं. आधी चालणं, मग दुडकी. खाली बसून त्यांनी त्या उमरेडच्या मुलीच्या पोटऱ्या स्वतःच्या हातानं चोळल्या, तिच्या मानेला हात लावला. कुंदा रेघेजवळ उभी राहून हे सगळं बघत होती. तिच्या वडिलांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

शर्यत झाली. कुंदा तशी कधीच पळाली नव्हती. तोपर्यंतचं तिचं सगळ्यात सुंदर पळणं ते. आणि ती तिसरी आली. दुसरी आली ती उमरेडची मुलगी, कुंदाच्या जेमतेम वीतभर पुढे.

राऊत बाईंच्या समोर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. “आमच्या पोट्टीसाठी आले होते तुमी. न सिलेक्शन त्या पोट्टीचं करून दिलं,” एवढंच म्हणून ते कुंदाला घेऊन गेले. कुंदानं मागे वळून बघितलं नाही.

मला बाईंचा राग आला. खूप राग आला. परतताना मी त्यांना म्हटलं, “एवढा पुळका कशाला आला तुम्हाला? ती काय आपल्या शाळेची होती?” त्या म्हणाल्या, “पाहावलं नाही ना माह्यानं.” मग सायकल हातात धरून चालत राहिल्या.

दोन-तीन दिवसांनी त्या माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, “वाडीले चालता का? एकटीले भेव वाटून राहिलं.” आम्ही गेलो. गोदामांच्या मागची ती खोली. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत लग्नाच्या खरेदीचं एक गाठोडं कोपऱ्यात. कुंदाच्या आईनं पाणी दिलं. राऊतांनी बसा म्हटलं नाही, म्हणून आम्ही उभ्याच.

“भाऊ, एक साल द्या तिले,” बाई म्हणाल्या. “फक्त एक साल.”

“बाई, मी पट पाहत मोठा झालो,” राऊत म्हणाले. “पटावर दुसऱ्याची जोडी कोणी फिरवते का? सांगा ना तुमीच. कोणी फिरवते?”

“माहा मामा जलमभर दुसऱ्याचीच जोडी फिरवत होता, भाऊ.”

बाईंनी हे कसलाही आव न आणता सांगितलं, कुणी गावाचं नाव विचारावं आणि आपण सांगावं तसं. राऊतांनी दुपट्टा काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. तेवढ्यात आतल्या दारातून कुंदाचा आवाज आला.

“बाबा, ते पोट्टी माह्याहून जोरात पळली. बाईनं नाही हारवलं मले.”

वडिलांसमोर ती इतकं कधी बोलली नसावी, कारण तिची आई दचकून बघायला लागली. राऊत शेवटी म्हणाले, “देतो एक साल. पण आता हिले तुमी नाही शिकवाचं. दहावी झालीच आहे. कॉलेजात टाकतो, तिथले सर पाहतीन. तुमच्या हातात नाही देत मी माही पोट्टी.”

मी तोंड उघडणार होते. पण बाई पटकन म्हणाल्या, “बरं भाऊ.” आणि निघाल्या.

अमरावती रोडवर बसची वाट बघत उभ्या असताना ट्रकच्या धुळीतच त्या रडायला लागल्या. पदरानं तोंड झाकून, अगदी लहान मुलीसारख्या. “दुखते ना, केळकरबाई,” म्हणाल्या. “साल भेटलं तिले, चांगलंच झालं. पण पाचवीपासून पाहिलं मी तिले. दुखते ना.” मी त्यांचा हात धरला. राग कुठल्या कुठे गेला होता.

ते वर्ष कसं गेलं ते मी रोज पाहत होते. बाईंनी शब्द पाळला. कुंदाच्या कॉलेजकडे त्या एकदाही फिरकल्या नाहीत. पण जीव तिथेच अडकलेला. तिथले सर मुलींना नुसतं उन्हात उभं करून एकदम पळवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. रोज मला विचारायच्या, “अंग गरम करत असन ना वं ते पोट्टी? स्वतःच्या मनानं तरी?” मी कुठून सांगणार? शेवटी पुन्हा मे महिना आला, पुन्हा तीच चाचणी, तेच मैदान. आमच्या घरचं तेव्हा बदलीचं ठरलं होतं, आवराआवर चालू होती. तरी सकाळी बाईंच्या बरोबर मी गेलेच.

आत जायचं नाही, असं बाईंनी आधीच ठरवलं होतं. राऊत आत असणार. आम्ही कुंपणाच्या तारेशी उभ्या राहिलो. मुली मंडपाच्या सावलीत बसून होत्या, कॉलेजचे सर पंचांशी गप्पा मारत होते. आणि मग एक मुलगी उठली. वेणीला लाल रिबीन होती. एकटीच मैदानाच्या टोकाला गेली आणि चालायला लागली. सावकाश, कुणाकडे न बघता. मग दुडकी. मग खांदे, कंबर, घोटे.

बाईंनी तार इतकी घट्ट धरली होती की त्यांची बोटं पांढरी पडली. थोड्या वेळानं मंडपातून आणखी एक मुलगी उठून कुंदाच्या मागे चालायला लागली, मग आणखी दोघी. कुंदानं मागे बघितलं आणि वेग कमी करून त्यांना बरोबर घेतलं.

शर्यतीची नावं पुकारली गेली. मुली रेघेवर उभ्या राहिल्या. आणि बाई म्हणाल्या, “चाला, मी जाते.”

“आता? अहो, आता तर शर्यत आहे!”

“तुमी पाहा. माह्यानं नाही पाहावत,” म्हणून त्या फाटकाकडे गेल्यासुद्धा.

मी कशी जाणार? मी थांबले. बार झाला, आणि कुंदा पहिली आली. काही शंका घ्यायला जागाच नाही, अशी पहिली. मैदानात एकच आरडाओरडा झाला. राऊत दुपट्टा हवेत फिरवत नाचत होते. मी ओरडतच वळले. फाटकापाशी फुटाणेवाल्याच्या हातगाडीजवळ बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. तो मैदानाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, सायकलवर बसल्या आणि गेल्या. मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच. पुढच्याच आठवड्यात आम्ही नागपूर सोडलं, आणि त्या दिवसांत सामानाच्या गडबडीत नंदनवनला जाणं काही झालं नाही.

मी धावत फाटकाशी गेले तोवर सायकल वळणाआड गेली होती. राहवलं नाही, म्हणून मी फुटाणेवाल्यालाच विचारलं, “काय विचारत होत्या हो त्या बाई?”

“त्या? त्यायनं पहिले विचारलं, साऱ्या पोट्ट्या पोचल्या का बराबर, कोणी पडली-बिडली तं नाही. मी म्हटलं, नाही. मंग विचारलं, लाल रिबिनीवाली कितवी आली. मी म्हटलं, तेच तं पहिली आली ना बाई! तं रडालेच लागल्या.” त्यानं गाडीवरची एक पुडी उचलून दाखवली. “हे घेतली होती त्यायनं, पैसेबी दिले. न इथंच विसरून गेल्या.”